पिराजी तात्यांचे कान

कृष्णातनं त्या सकाळी नरसाळं तोंडाला लावलं ते निव्वळ व्हिडिओ चांगला यावा म्हणून. पुढं अकरा माणसं पाण्यात पडली, एका मॅडमचा हात मोडला, तानाबाईच्या दोन कोंबड्या टोपलीसकट गेल्या आणि तीस वर्षांची एक दोस्ती फुटली. पण नरसाळं तोंडाला लावताना यातलं काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात होतं ते एवढंच, की धुकं झकास पडलंय आणि होडी काही अजून दिसत नाही.

नरसाळं म्हणजे रॉकेल ओतायचं साधं नरसाळं. हातभर काळ्या पाइपच्या टोकाला ते घट्ट बसवायचं आणि दुसऱ्या टोकाला ओठ दाबून फुंकायचं. असा आवाज निघतो की रानातले गवे शेपूट वर करून पळतात. चंदगडच्या डोंगरात भात पोटरीला आलं की गवे उतरतात, म्हणून आंबेघोळात घरटी एक नरसाळं असतंच. कृष्णातही त्या सकाळी राखणीलाच होता. पंचवीस वर्षांचा, बी.ए. झालेला, तलाठ्याच्या परीक्षेत दोनदा आपटलेला हा गडी काजूच्या उतारावर माळा बांधून बसला होता. गव्यांची राखण कमी आणि मोबाइलची जास्त.

आंबेघोळ अल्याड, हिरेकट्टी पल्याड आणि मधे धरणाच्या फुगवट्याचं पाणी. रस्त्यानं जायचं तर बावीस किलोमीटरचा वळसा, होडीनं वीस मिनिटं. अल्याडची होडी पिराजी तात्यांची, पल्याडची भीमाप्पाची. दोघांनी मिळून धुक्याचा एक कायदा केला होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण दोन्ही गावांतलं शेंबडं पोरही तो जाणत होतं. धुक्यात एका वेळी एकच होडी. निघणाऱ्यानं एक लांब भोंगा द्यायचा. पल्याडच्यानं आपल्या धक्क्यावर उभं राहून एक लांब, एक आखूड असं उत्तर द्यायचं आणि होडी टेकेपर्यंत ते थांबून थांबून देत राहायचं. होडीचं नाक त्या आवाजावर धरायचं. उत्तर नाही, तर होडी नाही. मग होडीत मामलेदार बसलेला असो नाहीतर नवरदेव.

तात्यांचा भोंगा जुन्या ट्रकचा, रबरी फुगा दाबायचा. भीमाप्पाकडं मात्र नरसाळंच. फुंकून फुंकून त्याचे गाल कायमचे सुटले होते.

तर त्या सकाळी तात्यांनी खालून एक लांब भोंगा दिला. उत्तर आलं नाही. दुसरा दिला. तरी नाही. भीमाप्पाची म्हैस अडली होती आणि तो त्या वेळी धक्क्यावर नव्हताच, पण हे नंतर कळलं. कृष्णातनं मोबाइल काजूच्या फांदीला टेकवला होता. होडी धुक्यातनं अलगद बाहेर येईल, मागून संगीत टाकू, दहा हजार लोक तरी बघतील, असा हिशेब. आणि म्हातारा काही हलेना. तेव्हा कृष्णातनं नरसाळं उचललं आणि दिलं उत्तर. एक लांब, एक आखूड. शाळेत असताना भीमाप्पाची नक्कल करून त्यानं पोरांना लोळवलं होतं. ती कला आज कामाला आली.

खाली वल्ही वाजली. होडी निघाली. कृष्णातनं पुन्हा फुंकलं. पुन्हा. सहा वेळा.

काजूचा उतार म्हणजे हिरेकट्टीचा धक्का नव्हे, हे सांगायला बी.ए. लागत नाही. उताराच्या खाली पाण्यात जुनी आमराई बुडालेली आहे. तिची खोडं पाण्याखाली वीतभर तशीच उभी आहेत. होडी आवाजावर येते हेही कृष्णातला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि ध्यानात येणं यांत जेवढं अंतर असतं तेवढ्यात होडी खोडावर चढली. आधी लाकूड मोडल्याचा आवाज आला, मग बायकांची किंकाळी.

पाणी छातीभरच होतं म्हणून निभावलं. कृष्णात धावत उतरला, त्यानं चौघांना हात देऊन काढलंही. संध्याकाळी सरपंच गणपतराव म्हणाले, "शाब्बास रं कृष्णात, देवानंच तुला तिथं बसवलं हुतं." 

त्या रात्री त्यानं व्हिडिओ पुसला. पण हल्लीचे मोबाइल माणसापेक्षा इमानदार. पुसलेलं ते तीस दिवस पोटात ठेवतात आणि वर लिहितात: इतके दिवस उरले.

पिराजी तात्या मूळचे त्या बुडालेल्या वाडीतलेच. आमराई त्यांच्या वडिलांची. धरणात पाणी चढलं तेव्हा तात्या तिशीचे होते. लोक सामान घेऊन डोंगरावर चढले आणि हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेका आंब्याचं नाव घेत होता असं बनाबाई, म्हणजे त्यांची बायको, सांगते. पुढं पंचायतीनं होडी घातली तेव्हा वल्हं मारायला कोणी तयार होईना. तात्या म्हणाले, "खालची वाट मला म्हाईत हाय. वरनं जायचं एवढाच फरक." तेव्हापासून त्यांनी बाळंतिणी नेल्या, वऱ्हाडं नेली, मतपेट्या नेल्या, एकदा पिसाळलेला बैल नेला. माणूस बोलायला कमी. पण कान असे, की पाण्यावरून येणाऱ्या खोकल्यावरनं सांगायचे, "शिवा घाटगं हाय. इडी सोडली न्हाय अजून."

आणि असा माणूस आपल्याच बापाच्या आंब्यावर होडी घेऊन आपटला.

पंचनाम्याला दोन्ही गावं जमली. तात्यांनी सांगितलं, "मला उत्तर आलं. भीमण्णाचंच. त्यावर मी होडी धरली."

भीमाप्पा ताडकन उठला. "पिराण्णा, मी वाजवलंच न्हाय! माझी म्हैस अडलीती. बायकूला, महादेवीला इचार, डॉक्टरला इचार."

"मग मी ऐकलं ते काय?"

"ते मला काय ठावं? पण माझ्यावर नगं घालू. म्हशीच्या शेणाचा हात घिऊन मी धक्क्यावर आलो तवा तुमची बोंब चाललीती."

"वाजवून नामानिराळा हुतोस व्हय? काजूच्या अंगाला कशाला गेलतास ते सांग."

"मी खोटं बोलतो? मी?" भीमाप्पाचे सुटलेले गाल थरथरायला लागले. "तीस वर्सं तुला वाटंला लावली, आन आज मी खोटा?" तो पाठ फिरवून चालता झाला. दुसऱ्या दिवसापासून तो वळशाच्या रस्त्यानं दूध घालू लागला, पण पिराजी ज्या पाण्यात आहे त्या पाण्यात त्यानं होडी घातली नाही.

तात्यांच्या बाजूनं एकच माणूस बोललं. हिरेकट्टीच्या शाळेतल्या वर्षाराणी मॅडम. मोडका हात गळ्यात बांधून त्या म्हणाल्या, "मीही ऐकलाय आवाज. लांब आणि आखूड. चांगला पाच-सहा वेळा."

बाकीच्यांनी त्या वेळी होडीत कडाक्याचं भांडण चाललं होतं म्हणून काही ऐकलंच नव्हतं. विषय तानाबाईच्या कोंबड्यांचं तिकीट. गणपतराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, माणूस भ्यालं की त्याला कायबी ऐकू येतं." लोक हसले. मॅडम खाली बसल्या. कृष्णात त्यांच्या मागच्याच रांगेत होता, चपलेचा अंगठा सरळ करत. तोही हसला, थोडासा. चोराच्या मनात चांदणं. अंधारात बसावं तर तेच उजेड पाडतं.

त्या दिवसापासून तात्यांना गाव 'बहिरा' म्हणू लागलं. आंबेघोळात टिंगल उधार ठेवत नाहीत. पानपट्टीपाशी कोणी तरी ओरडायचं, "तात्याऽऽ, जेवलासा काऽऽ?" आणि पोरं फिदीफिदी. तात्या उत्तर द्यायचे, "जेवलो बाबा, हळू बोल." पण घरी गेले की ते बनाबाईला चुलीपाशी बसवून अंगणाच्या टोकाला जायचे आणि म्हणायचे, "आता कायतरी बारीक बोल बघू."

बनाबाईनं हे कृष्णातला सांगितलं. का, तर तोच आता रोज येत होता. आधी त्यानं मोडलेली फळी बसवायला मदत केली. मग चंदगडहून बॅटरीवरचा हूटर आणून होडीला लावला. तो असा केकाटला की तात्यांनी दुसऱ्या दिवशी काढून हातात दिला. "हे अँब्युलन्सचं हाय. मानसं रडाय लागतील." मग त्यानं कुंपण बांधलं, लाकडं फोडली. बनाबाई म्हणायची, "पोटच्या पोरागत करतंय पोरगं. आमचा अमरसिंह फोनवरनंच इचारतोय." कृष्णात कुऱ्हाड जोरात हाणायचा. लाकूड फोडताना माणसाला बोलावं लागत नाही, हे त्याचं मोठं सुख.

पंचविसाव्या दिवशी गणपतरावांनी त्याला पंचायतीत बोलावलं. "तुझं अक्षर चांगलं हाय. ग्रामसेवक रजेवर गेल्यात. येवढा ठराव लिव्हून दे. ठरल्या तारखंला सभंत वाचायचाय."

"कसला ठराव?"

"पिराजीचा. आता लोकांचा जीव हाय, बाबा. लिव्ह: श्री. पिराजी यांची श्रवणशक्ती क्षीण झाल्यानं..."

कृष्णातनं लिहिलं. 'क्षीण' शब्द त्यानं वळणदार लिहिला, कारण तो फार सावकाश लिहीत होता. होडी हिरेकट्टीच्या अमरेश नावाच्या तरुणाला द्यायची, तो तिला इंजिन बसवणार. खाली तारीख, वर शीर्षक, मधे एका माणसाचे कान.

आणि मग त्याला ती युक्ती सुचली. युक्ती कसली, पळवाट. तात्यांचं वय साठीपुढचं. कान थोडे तरी गेलेलेच असणार. तपासून घ्यावेत. अर्धा कान जरी खराब निघाला तर निम्मं पाप तात्यांच्या खात्यावर जाईल आणि उरलेलं निम्मं सोसेल. हा विचार मनात आल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.त तो तात्यांच्या शेजारी बसलेला होता.

कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरकडं तात्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबडी चढवली आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तात्या डोळे मिटून बसले, धुक्यात बसावं तसे. बाहेरच्या मुलीनं आवाज लहान लहान करत नेला. तात्या दाबत गेले. तिनं यंत्र एकदा आपटून बघितलं. शेवटी दार उघडून तात्याच म्हणाले, "बाई, मधनंच एक किरकिर येतीया, ती तुमची का त्या पंख्याची? का तर पंख्याचं बेरिंग गेलंय."

डॉक्टरांनी कागद बघून हसून सांगितलं, "आजोबा, चाळिशीतल्या माणसाला असे कान नसतात. कोण म्हणालं तुम्हाला ऐकू येत नाही?"

कृष्णातला वाटलं होतं, तात्या खूष होतील. पण स्टँडजवळ त्यानं मिसळ मागवली, तात्यांनी पाव कुस्करून तसाच ठेवला. एस.टी. निघाली, कागलही मागं पडलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कान गेलं असतं तर बरं झालं असतं, बग."

"असं कसं म्हणता, तात्या?"

"कान शाबूत हायती, भीमण्णानं तर वाजवलं न्हाय. त्यो खोटं बोलणारा न्हवं, हे मला त्या दिवशीबी म्हाईत हुतं. मग मी ऐकलं ते कुणाचं? मॅडम मला सावराय म्हनून बोलल्या असतील. हितनं गेलंय." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "आमच्या बापाचं शेवटाला असंच झालतं. बुडलेल्या आमराईत कोन तरी हाका मारतंय म्हनायचा. आता मीबी तिकडंच होडी नेली. सभंत मी सोताच सांगनार हाय, ठराव करू नगासा, मी वल्हं ठेवतो. अकरा मानसं नेलीती रं मी. एकबी घरला आलं नसतं तर?"

कृष्णातच्या खिशात मोबाइल होता. त्यात लिहिलेलं होतं: चार दिवस उरले. गेले सव्वीस दिवस तो रोज तो आकडा बघत होता. पहिल्यांदा वाटायचं, कधी एकदा शून्यावर येतोय. आता त्याला कळलं की शून्य झालं की हा शेजारचा माणूस कायमचा वेडा ठरणार. आणि पहिल्यांदा स्वतःच्याच नजरेत.

त्यानं मोबाइल काढला, व्हिडिओ परत आणला आणि तात्यांच्या कानाला लावला.

एस.टी. खडखडत होती. तात्यांनी दुसऱ्या कानावर तळवा ठेवला. आधी त्यांचा स्वतःचा भोंगा. मग शांतता. परत भोंगा. मग कृष्णातचा हसल्याचा आवाज, आणि नरसाळं. सहा वेळा. मग लाकूड, मग किंकाळी.

"तू व्हय?" तात्या म्हणाले.

"व्हय."

"कशापायी?"

"व्हिडिओ... होडी दिसावी म्हणून."

 कृष्णात थोबाडीत बसायची वाट बघत होता. बसली असती तर त्याला केवढं बरं वाटलं असतं. पण तात्या म्हणाले, "परत लाव."

त्यानं परत लावलं.

"हितं बग. ह्यो आखूड. तू तोडलास. भीमण्णा आखूड जरा वडून देतो, दम लागल्यागत. आन दिशाबी उजवीकडली. मला तवाच कळाय पायजे हुतं." त्यांनी मान हलवली. "चूक माझीबी हाय."

याच्यापुढं कृष्णातला बसवेना. तो रडायला लागला, भर एस.टी.त, कंडक्टरसमोर. कंडक्टर म्हणाला, "पावणं, मळमळतंय का? पिशवी दिऊ?"

सभेच्या दिवशी गणपतरावांनी ठराव वाचायला कृष्णातलाच उभं केलं. त्यानं कागद वाचला नाही. व्हिडिओ लावला आणि जे केलं ते सांगितलं. सभा एवढी गप्प झाली की बाहेर बांधलेल्या शेळीचा रवंथ ऐकू येत होता. मग एकदम गलका. कोणी चप्पल फेकली, ती चुकून उपसरपंचाला लागली. गणपतरावांना सगळ्यात जास्त दुःख वेगळंच होतं: "येवढा वळणदार लिव्हलेला ठराव आता खोडायचा कसा?"

भीमाप्पा हिरेकट्टीहून आला होता, अमरेशच्या बरोबर. तो उठून कृष्णातपाशी आला, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाला, "वाजव."

"काय, भीमण्णा?"

"तोंडानंच वाजव. कसं वाजवलंस?"

कृष्णातनं ओठ दाबून वाजवलं. एक लांब, एक आखूड. भीमाप्पानं ऐकलं आणि फाडकन एक ठेवून दिली. "माझी नक्कल करतोस तर नीट कर की! ह्यो काय आखूड हाय?" मग तो तात्यांकडं वळला. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. कोणी माफी मागितली नाही, कोणी गळ्यात पडलं नाही. भीमाप्पा म्हणाला, "पिराण्णा, रेडकू झालंय. बगाय ये." तात्या म्हणाले, "येतो की."

होडी तात्यांकडं राहिली.

कृष्णातला शिक्षा पंचायतीनं काहीच सांगितली नाही. सांगितली तात्यांनी, धक्क्यावर, वल्ह्याला तेल लावता लावता. "सभंत सांगणं सोपं असतंय, कृष्णात. घोळक्यात बोललं की घोळकाच ऐकतो. होडीत अकरा हुते. एकेकाच्या दारात जा. फोनवर न्हाय. उंबऱ्याबाहेर उभा ऱ्हा आन सांग, मी वाजवलं."

तो जाऊ लागला. शिवा घाटग्यानं विडी पाजली आणि म्हणाला, मला तर त्या निमित्तानं आंघोळ घडली. एका म्हातारीनं दारच उघडलं नाही, आतून ऐकून घेतलं. एका घरात त्याला चहा मिळाला आणि तो चहा त्याला सगळ्यात कडू लागला. तानाबाई अंगणात भात वाळवत होती. तिनं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवले.

"म्हंजी माझ्या कोंबड्या तू मारल्यास."

"व्हय, आक्का."

"आन मी म्हैनाभर त्या गरीब पिराजीला शिव्या देत बसले!"

"व्हय."

"मग त्या शिव्या घे की आता माघारी! कुनाच्या नावावर ठिऊ?" आणि तिनं त्या सगळ्याच्या सगळ्या, क्रमानं, एकही न गाळता, पुन्हा दिल्या. एक पूर्वजांवरची विसरली होती, ती कृष्णात फाटकातनं बाहेर पडल्यावर आठवली. मागं येऊन दिली.

असे दहा झाले.

अकराव्या वर्षाराणी मॅडम. पंचनाम्यानंतर आठवड्यातच त्यांची बदली मुरगूडला झाली. हात बरा झालाय म्हणतात, पण फळ्यावर लिहिताना वर उचलत नाही. त्यांना एका शब्दानं खरं ठरवता आलं असतं आणि त्या वेळी कृष्णात मागच्या रांगेत हसला होता. बाकी दहा जणांना त्यानं पाण्यात पाडलं. मॅडमना तर पाण्यातून काढल्यावरही बुडवलं.

एकदा तो मुरगूडला जाऊन आला. शाळेच्या समोर चहाची टपरी आहे. तिथं त्यानं दोन चहा घेतले. मधल्या सुट्टीत मॅडम वऱ्हांड्यात आल्या, डाव्या हातानं एका पोरीच्या वेणीची रिबीन बांधायला बसल्या. उजवा हात मांडीवर तसाच होता. कृष्णात उठला, रस्ता अर्धा ओलांडला, आणि समोरून आलेल्या चंदगडच्या गाडीला हात केला.

परवा धक्क्यावर तात्यांनी विचारलं, "किती झालं?"

"धा."

 होडीत बायका चढत होत्या. तात्यांनी एकीची टोपली हातात घेऊन नीट आत ठेवली आणि म्हणाले, "मुरगूडची गाडी आठ-धाला हाय. आठ-धा टळली तर मग एकदम साडेअकरा."

"म्हाईत हाय, तात्या," कृष्णात म्हणाला. आठ वाजून गेले होते. तो होडीची दोरी सोडवत होता, आणि गाठ काही त्याला लवकर सुटत नव्हती.